उषाताई, परत येणाऱ्या मुलींसाठी एक नियम लिहून ठेवा

मा. पी. टी. उषा,
अध्यक्ष, भारतीय ऑलिंपिक संघटना,
नवी दिल्ली

आदरणीय उषाताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला पदाच्या नावानं हाक मारणं मला जमणार नाही. आमच्या लहानपणी शाळेच्या मैदानावर एखादी मुलगी जरा जोरात पळाली की "काय गं, पी. टी. उषा झालीस का?" हे ठरलेलं असायचं. मी आता क्रीडाशिक्षिका आहे, जिल्ह्याच्या स्पर्धांत कधी स्टार्टर असते, कधी टाइमकीपर. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ते तुम्हाला आहे तितकंच इथल्या पालकांना, प्रशिक्षकांना आणि सासरच्या मंडळींनाही आहे. विषय आहे बाळंतपणामुळे किंवा दुखापतीमुळे थांबून पुन्हा मैदानात येणाऱ्या मुलींचा.

तुमची कारकीर्द आम्हाला सांगितली जाते ती एका शतांश सेकंदात. लॉस एंजेलिस, १९८४. महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. उपांत्य फेरीत तुम्ही पहिल्या आलात. अंतिम फेरीत मोरोक्कोची नवाल अल मुतवकील ५४.६१ सेकंदांत जिंकली, अमेरिकेची ज्युडी ब्राउन दुसरी, आणि तिसऱ्या जागेसाठी रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१, तुम्ही ५५.४२. दर ऑलिंपिकच्या आधी हे आकडे वर्तमानपत्रांत येतात, 'हुकलेलं पदक' म्हणून. क्रीडाग्रामात पेज आणि लोणच्यावर दिवस काढावे लागले आणि शेवटच्या टप्प्यात ताकद कमी पडली, हेही तुम्ही स्वतः सांगितलं आहे. त्यावर हळहळ खूप झाली, मी त्यात भर घालत नाही. मला बोलायचं आहे ते तुमच्या कारकिर्दीच्या त्या भागाबद्दल, ज्याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

तेव्हा तुम्ही २० वर्षांच्या होतात. पुढच्या वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच सुवर्णं आणि एक कांस्य. १९८६ मध्ये सोलच्या आशियाई खेळांत चार सुवर्णं, आणि १०० मीटरमध्ये फिलिपिन्सच्या लिडिया डी व्हेगाच्या मागे रौप्य. मग टाच दुखावली आणि १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीतच सगळं संपलं. त्यावर इथे काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. १९८९ मध्ये दिल्लीत पुन्हा आशियाई अजिंक्यपदाची सुवर्णं, १९९० मध्ये बीजिंगला तीन रौप्यं, आणि मग तुम्ही थांबलात. १९९१ मध्ये लग्न झालं, मुलगा झाला. आपल्याकडे खेळाडू मुलीची गोष्ट इथे संपते. पुढे सत्कार, फीत कापणं, एखाद्या समितीत नाव.

तुम्ही मात्र पुन्हा स्पाइक्स बांधले. १९९४ मध्ये हिरोशिमाला ४ बाय ४०० रिलेचं रौप्य आलं. १९९८ मध्ये फुकुओकाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत, ३४ व्या वर्षी, २०० आणि ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ बाय १०० रिलेत सुवर्ण. रचिता मिस्त्री, ई. बी. शायला, सरस्वती साहा आणि तुम्ही. लॉस एंजेलिसच्या शर्यतीची फीत आम्ही हजारदा पाहिली. फुकुओकाचा फोटो शाळेच्या एका भिंतीवर मी पाहिलेला नाही. माझ्या मते तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते होतं. वेग नव्यानं मिळवण्यापेक्षा गेलेला वेग परत आणणं कठीण असतं, हे कुठल्याही स्प्रिंटरला विचारावं.

आई झालेल्या मुलीचं शरीर म्हणजे काय, हे निवड समितीत बसणाऱ्या बहुतेक पुरुषांना कुणी कधी समजावून सांगितलेलं नसतं. पूर्ण वेगात पळताना पाय जमिनीवर जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टेकतो, आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पावलातून, मांडीतून, कमरेतून वर जातो. तो पेलायचा असतो ओटीपोटानं आणि पाठीच्या खालच्या भागानं. बाळंतपणात नेमके तेच स्नायू ताणलेले, सैलावलेले असतात, सिझेरियन असेल तर कापलेले. फिजिओ साधं जॉगिंगसुद्धा तीन महिन्यांच्या आत करू देत नाहीत. ब्लॉकमधून सुटणं, वळणावर पूर्ण वेग पकडणं ही त्यापुढची गोष्ट. सरकारी नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, ती चांगलीच आहे. पण ती संपते तेव्हा कारकून बाई टेबलावर परत बसू शकते, स्प्रिंटर नुकती कुठे सरावाला लागलेली असते. नोकरी टिकते, खेळ टिकेलच असं नाही.

माझी एक विद्यार्थिनी होती. नाव लिहीत नाही. राज्याच्या रिले संघात पळायची, खेळाडू कोट्यातून नोकरीला लागली, लग्न झालं, मुलगी झाली. बाळ आठ महिन्यांचं असताना ती परत ट्रॅकवर आली. पहाटे दूध काढून ठेवायची आणि साडेपाचला मैदानात हजर. सराव शिबिरात जागा मिळेल का, म्हणून चौकशी केली तर उत्तर आलं, "आधी टायमिंग दाखव, मग बघू." आता टायमिंग दाखवायचं तर चांगला ट्रॅक हवा, फिजिओ हवा, सोबत पळायला तिच्या तोडीच्या मुली हव्यात. हे सगळं मिळतं शिबिरात. आणि शिबिरात जायला टायमिंग हवं. ती वर्षभर या चक्रात फिरली आणि सोडून दिलं. कुणी तिच्याशी वाईट वागलं, असं मी म्हणणार नाही. उत्तर देणाऱ्या माणसासमोर असा कागदच नव्हता, ज्यावर बोट ठेवून तो म्हणू शकला असता की हिला सहा महिने द्यायचे आहेत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी बाहेरच्यांना माहीत नसते. डोपिंग चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असलेल्या खेळाडूला रोज कुठे आहोत हे कळवावं लागतं, गरोदरपणातही. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या तर बंदी येऊ शकते. कंटाळून किंवा घाबरून एखादीनं निवृत्तीचं पत्र दिलं, तर परत येताना सहा महिने आधी लेखी कळवून तेवढा काळ चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं, त्याआधी स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणजे गरोदर मुलीला पहिल्याच महिन्यात कुणीतरी सांगायला हवं की बाई, निवृत्तीचं पत्र देऊ नकोस, पत्ता कळवत राहा. हे सांगायचं कुणी? प्रशिक्षकानं? अनेकदा त्याला तिनं अजून बातमीच सांगितलेली नसते. सांगितली की यादीतून नाव जाईल, ही भीती असते.

ही भीती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या अ‍ॅलिसन फेलिक्सनं २०१९ मध्ये उघडपणे लिहिलं, तोवर तिच्याकडे सहा ऑलिंपिक सुवर्णं होती. नायकेबरोबरचा करार नव्यानं ठरत असताना बाळंतपणानंतरच्या काळात कामगिरी खाली आली तर पैसे कापले जाऊ नयेत, एवढीच तिची मागणी होती, आणि तीही मान्य होत नव्हती. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रीएक्लॅम्प्सियामुळे, म्हणजे गरोदरपणात धोकादायक वाढलेल्या रक्तदाबामुळे, तिचं ३२ व्या आठवड्यात तातडीनं सिझेरियन झालं होतं. मूल अतिदक्षता विभागात होतं. तिच्या आणि तिच्याआधी बोललेल्या धावपटूंच्या लेखांनंतर काही महिन्यांतच कंपनीनं करार बदलले. गरोदरपणाच्या आसपासच्या १८ महिन्यांत कामगिरीवरून पैसे कापायचे नाहीत, असं ठरलं. फेलिक्सनं पुढे टोकियोत ४०० मीटरचं कांस्य आणि रिलेचं सुवर्ण घेतलं, ऑलिंपिक पदकं झाली ११. जमैकाची शेली अ‍ॅन फ्रेझर प्राइस २०१७ च्या ऑगस्टमध्ये आई झाली, दोन वर्षांनी दोहात १०.७१ सेकंदांत १०० मीटरची जगज्जेती झाली, आणि २०२२ मध्ये, ३५ व्या वर्षी, १०.६७ मध्ये पुन्हा. ज्यांना वाटतं मूल झालं की वेग संपला, त्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

दुसरी बाजूही आहे. टोरी बोवी २०१७ ची १०० मीटरची जगज्जेती. रिओत फेलिक्सबरोबर रिलेचं सुवर्ण जिंकलेली. २०२३ मध्ये, ३२ व्या वर्षी, आठ महिन्यांची गरोदर असताना घरी एकटीच मृतावस्थेत सापडली. कारण बाळंतपणातली गुंतागुंत. जगातल्या सगळ्यात तंदुरुस्त बायकांपैकी एक. तंदुरुस्त आहे म्हणून तिला डॉक्टरची गरज कमी, हा समज किती धोक्याचा आहे, हे यावरून कळतं. म्हणून नुसती रजा देऊन भागत नाही, या काळात कुणीतरी तिच्या संपर्कात असायला हवं.

मेरी कोमनं जुळ्या मुलांनंतर २००८ मध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा आपण तिच्या जिद्दीचे पोवाडे गायले. जिद्द होतीच. पण ज्या मुलीकडे सामान्य माणसाइतकीच जिद्द आणि असामान्य पाय आहेत, तिचं काय करायचं? व्यवस्था तिच्यासाठी असते. टेनिसमध्ये हे कधीच झालं. बाळंतपणानंतर परत येणारी खेळाडू तीन वर्षांपर्यंत क्रमवारीतलं आपलं जुनं स्थान वापरून स्पर्धांत उतरू शकते. त्या स्थानावर प्रवेश मिळतो, सामना तिचा तिलाच जिंकावा लागतो. मला अगदी हेच हवं आहे. पदक मागत नाही, संघातली जागाही नाही. शिबिराचं दार ठरावीक मुदतीसाठी उघडं ठेवा, तिच्या गरोदरपणाच्या आधीच्या कामगिरीवर. मुदतीच्या शेवटी चाचणी घ्या. नाही जमलं तर ती स्वतःच बाहेर पडेल. स्प्रिंटरला घड्याळ खोटं सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, शिबिरं आणि निवड हे अ‍ॅथलेटिक्स महासंघाचं काम, पैसा क्रीडा मंत्रालयाचा, नोकरी रेल्वेची किंवा पोलिसांची. खरं आहे, आणि तिथेच सगळं अडतं. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा आहे. तुम्ही स्वतः रेल्वेत नोकरी केली आहे, महासंघाच्या शिबिरांत राहिला आहात, शाळा काढून टिंटू लुकासारखी धावपटू घडवली आहे, राज्यसभेत बसता. आशियाई खेळांना आणि ऑलिंपिकला जाणारं पथक तुमच्या संघटनेच्या नावानं जातं. या चारही खोल्यांच्या किल्ल्या एकाच माणसाला माहीत असाव्यात, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. २०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद मिळावं म्हणून २०२४ मध्ये तुमच्या संघटनेनं इरादापत्र पाठवलं. त्याच्या मानानं हा दोन पानांचा मसुदा आहे.

आता एक नाजूक विषय. टाळता आला असता तर टाळला असता.

कारकीर्द अडते ती फक्त दुखापतीनं किंवा बाळंतपणानं नाही. २०१४ मध्ये द्युती चंदला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं गेलं, शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवरून. ती १८ वर्षांची होती. बातमी आधी पेपरात आणि मग गावात पोचली. तिनं क्रीडा लवादात दाद मागितली, २०१५ च्या जुलैत लवादानं ते नियमच स्थगित केले, आणि २०१६ मध्ये ती रिओत १०० मीटर पळाली. त्या शर्यतीत उतरणारी शेवटची भारतीय मुलगी कोण होती, हे तुम्हाला सांगायला नको. मॉस्को, १९८०. मधली ३६ वर्षं रिकामी. २०१८ च्या आशियाई खेळांत द्युतीनं १०० आणि २०० मीटरचं रौप्य आणलं. नंतर डोपिंगमध्ये तिच्यावर चार वर्षांची बंदी आली, त्याची सफाई मी देणार नाही. पण २०१४ मध्ये तिच्याशी जे झालं, त्याला ती जबाबदार नव्हती. त्याआधी २००६ मध्ये शांती सौंदरराजनचं ८०० मीटरचं रौप्य लिंग चाचणीवरून काढून घेतलं गेलं, आणि तिच्या पाठीशी उभं राहणारं तेव्हा कुणी दिसलं नाही.

मधल्या काळात जागतिक नियम किती वेळा बदलले, बघा. २०१८ चे टेस्टोस्टेरॉनवरचे निर्बंध ४०० मीटरपासून मैलापर्यंतच होते, म्हणून नामिबियाची क्रिस्टिन म्बोमा ४०० सोडून २०० कडे वळली आणि टोकियोत १८ व्या वर्षी रौप्य घेऊन गेली. २०२३ मध्ये निर्बंध सगळ्याच शर्यतींना लागू झाले. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर एकदा जनुक चाचणी सक्तीची. गालाच्या आतला नमुना किंवा रक्त. नियम योग्य की अयोग्य, यावर शास्त्रज्ञ भांडत आहेत, भांडू देत. माझ्या काळजीचा भाग साधा आहे. उद्या खेड्यातल्या एखाद्या १९ वर्षांच्या मुलीचा अहवाल वेगळा आला, तर तो तिला कोण सांगणार? कुठल्या खोलीत, कुठल्या भाषेत? सोबत तिच्या ओळखीची बाई असेल का? अहवाल किती जणांच्या मोबाइलवर फिरणार? जागतिक नियम तुमच्या हातात नाही, ही खोली आहे. चाचणीच्या आधी समुपदेशन, निकाल एकाच डॉक्टरकडे, नाव फोडणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई, आणि ती संघाबाहेर गेली तरी तिची नोकरी आणि शिष्यवृत्ती चालू. शांतीच्या वेळी यातलं काहीही दिसलं नव्हतं.

दुखापतींबद्दल थोडक्यात लिहिते, तुमची टाच तुम्हाला पुरेसं सांगत असेल. हिमा दासनं २०१८ मध्ये टाम्परेला २० वर्षांखालील जागतिक सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी जकार्तात ५०.७९ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दोहाला पाठीनं दगा दिला. जुलैत युरोपातल्या छोट्या स्पर्धांतल्या तिच्या पाच सुवर्णांवर देशानं ढोल वाजवले, आणि त्या ढोलात पाठीचं काय झालं, हे विचारायचं राहून गेलं. घाई आपली असते, मोडतं त्यांचं शरीर. औषधांच्या वाटेला जाणाऱ्या मुलींच्या मागेही मला बऱ्याचदा हीच घाई दिसते. दोन वर्षांत काय ते करून घे, मग लग्न. एवढीच मुदत हातात असेल, तर इंजेक्शन देणाऱ्याचं दुकान चालणारच. डोपिंगवर व्याख्यानं ठेवायला हरकत नाही, पण मुदत वाढवा, त्याचा उपयोग जास्त होईल.

२ ऑक्टोबर २०२३, हांगझोउ. आशियाई खेळांच्या प्राथमिक फेरीत तमिळनाडूची विद्या रामराज ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२ मध्ये आली. तुमचीच वेळ, शतांशापर्यंत तीच. सगळीकडे 'उषाच्या विक्रमाची बरोबरी' अशा बातम्या झळकल्या. मलाही आनंद झाला. मग वाटलं, ३९ वर्षं? १९८४ नंतर सिंथेटिक ट्रॅक वाढले, परदेशी प्रशिक्षक आले, आहारतज्ज्ञ आले, आता कुणी पेज आणि लोणच्यावर पळत नाही. तरी ३९ वर्षं? तुमच्या असामान्यपणाचा यात मोठा वाटा आहे. पण या काळात २४-२५ व्या वर्षी किती जणी बाहेर पडल्या, हेही मोजायला हवं. अडथळ्यांची शर्यत अनुभवानं पिकते, आणि पिकायच्या वयात आपल्या मुली मैदानात नसतात.

म्हणून विनंती एवढीच. संघटनेच्या खेळाडू आयोगासमोर हा विषय घ्या. अ‍ॅथलेटिक्स महासंघ, मंत्रालय आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या रेल्वे-पोलिसांना एका टेबलाशी बसवा. परत येणाऱ्या धावपटूला किती महिने, कुठलं शिबिर, कुठला डॉक्टर आणि किती भत्ता, हे लिहून काढा आणि संकेतस्थळावर सगळ्या भारतीय भाषांत टाका, मराठीतही. मसुदा करताना फुकुओकाच्या आधीच्या त्या वर्षांत तुम्हाला काय काय मिळालं नाही, तेवढं आठवून लिहिलंत तरी निम्मं काम होईल. दुसऱ्या कुठल्या अध्यक्षाला ते आठवून लिहिता येणार नाही.

मसुदा तयार झाला की एक प्रत आमच्या जिल्हा संघटनेकडे पाठवा. माझी ती विद्यार्थिनी आता २७ वर्षांची आहे, मुलगी बालवाडीत जाते. तिला मी अजून काही बोललेले नाही.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका